खात्रीमामांचा हात

लाँड्रीवाल्या बाई आपली मोकळी जागा चर्चसाठी फुकट देणार आहेत, असं पाळकसाहेबांनी उपासना संपल्यावर सांगितलं, तेव्हा सगळ्या मंडळीचे चेहरे उजळले. खात्रीमामांच्या कपाळावर मात्र आठी पडली.

मामा कुलपं दुरुस्त करत. माणसं कशाकशाला कुलूप लावतात हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, त्यामुळे उघड्या दाराची त्यांना भीती वाटे. कुणी सहज म्हणालं, आज ऊन पडेल, तरी ते विचारत, "खात्री काय?" त्यावरून त्यांना हे नाव पडलं, आणि काही दोष नसताना त्यांची बायको खात्रीमामी झाली.

मंडळी लहानशी. छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जमायची. वर जायला अरुंद लोखंडी जिना. आता मालकाला कागदाचे गठ्ठे ठेवायला ती खोली परत हवी होती. पण मामांच्या घरात जिन्याचं दुःख त्याआधीचं. मामींचे गुडघे गेले होते आणि वर्षभर त्या उपासनेला आल्या नव्हत्या. मंडळीत सगळ्यात खणखणीत आवाज त्यांचाच. त्या नसल्यापासून गीत कुणाच्याही पट्टीत सुरू व्हायचं आणि भलतीकडेच संपायचं. जिना नसलेलं, तळमजल्यावरचं चर्च इतरांनाही हवं होतं, पण मामांना ते फार हवं होतं. म्हणूनच त्यांना जास्त संशय आला. जे फार हवं असतं तेच दाखवून माणसाला फसवतात.

आणि त्यांच्या संशयाला वजन होतं. या मंडळीची स्थापना करणाऱ्यांना एके काळी दुसऱ्या चर्चमधून बहुमतानं बाहेर काढलं होतं. त्यामुळे त्यांनी बहुमताची धास्तीच घेतली आणि रीत घालून दिली : प्रत्येक सभासदाचा हात वर झाला तरच गोष्ट करायची. एक हात जरी खाली राहिला, तर पुढल्या वर्षापर्यंत विषय बंद. खिडकीला पडदा लावायचा की नाही हे मामांच्या एका हातामुळे दोन वर्षं लोंबकळलं होतं.

"साहेब, त्या बाई कधी आपल्याकडे प्रार्थनेला आल्यात का?" मामांनी पाळकांना गाठून विचारलं. "मग आपला एवढा कळवळा कुठून आला?"

पाळक तरुण होते. देवानं त्यांचं मन वळवलं असेल, असं ते म्हणाले.

"देवानं वळवलं असेल तर माझी हरकत नाही. पण मध्ये कुणी माणूस असेल तर तो कोण, ते कळायला हवं."

हात वर करायचे होते पुढच्या रविवारी. मामा कामाला लागले. जागेत सळई खुपसून त्यांनी खालून गटार जातं का ते पाहिलं. नव्हतं. ओळखीच्या वकिलाकडून कागद तपासून घेतले. ते धुतल्यासारखे स्वच्छ निघाले, तेव्हा तर मामांची झोपच उडाली. मग कळलं, की बाईंचा एक पुतण्या रोज गाडी घेऊन येतो आणि मोठ्यानं बोलून जातो. झालं. मामांना सगळा डाव दिसला. मंडळी जागा साफसूफ करणार, पाया घालणार, आणि मग हा पुतण्या हक्क सांगत उभा राहणार.

शेवटी ते कुलूप तपासायचं निमित्त करून लाँड्रीत शिरले. वाफेनं खोली कोंदली होती. बाई इस्त्री करत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"कुलूप चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बसा. उशीर केलात."

मामा चपापले, पण बसले. आडवळण न घेता त्यांनी विचारलं, "जागा का देताय?"

"वाऱ्यासाठी."

बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या आणि त्यांच्यापलीकडे ती मोकळी जागा होती. पुतण्याला तिथे चार मजली इमारत उठवायची होती. ती उठली की ऊन संपलं, वारा संपला, धंदा संपला. आपण आहोत तोवर आपण नाही म्हणू, पण आपली मुलगी मऊ आहे, चुलतभावापुढे तिचं काही चालणार नाही, असं बाईंनी सांगितलं. चर्च बुटकं बांधायचं, वर मजला चढवायचा नाही, एवढीच त्यांची अट होती.

"आम्हीच पुढे विकली तर?" मामा म्हणाले.

"तुमच्यात सगळ्यांचे हात वर व्हावे लागतात म्हणे. आणि एक माणूस असा आहे, की त्याचा हात साध्या पडद्यालासुद्धा वर होत नाही. तो असताना माझा पुतण्या काय करणार?"

मामांना यात अपमान किती आणि मान किती ते ठरवता येईना. "तो माणूस मेल्यावर काय?"

"तेही विचारलं मी. मामी म्हणाल्या, काळजी करू नका, असा एक तरी प्रत्येक मंडळीत निघतोच."

"मामी? आमची?" मामांनी विचारलं. मग हळूहळू बाहेर आलं. लाँड्री त्यांच्याच गल्लीत, जिना नाही. रविवारी मामा वर चढले, की मामी काठी टेकत इथे येऊन स्टुलावर बसत. घरी एकटीनं बसवत नाही, असं मामींनी बाईंना सांगितलं होतं, आणि जागा चर्चला द्यायचंही त्यांनीच सुचवलं होतं. मामांना हे वर्षभर माहीत नव्हतं. ते विचारत, काय केलंस? त्या म्हणत, काही नाही, बसले होते.

घरी येऊन ते बराच वेळ किल्ल्या चाचपत राहिले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता."

मामांनी विचार केला. "घेतला असता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पाळकांकडे गेले. हात मोजायचे तर त्या जागेवरच मोजायचे, वरच्या खोलीत नाही, असं त्यांनी बजावलं. एक सभासद जिन्यामुळे मोजणीतच येत नाही आणि तरी आपण सगळ्यांचे हात म्हणतो, हे कसं?

रविवारी मंडळी मोकळ्या जागेत उभी राहिली. हात वर झाले. मामांचाही झाला, आणि लोक एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. पण पाळक मोजता मोजता थांबले. मामींचे दोन्ही हात काठीवर होते.

"पायऱ्या किती येणार?" मामींनी विचारलं.

मंडळीतल्या गवंड्यानं डोकं खाजवलं. जमीन सखल आहे, म्हणाला, जोतं कमरेइतकं तरी उचलावं लागेल. पायऱ्या पाच-सहा येतीलच.

"मग पुढल्या वर्षी बघू."

कुणीतरी हसलं, पण मामींचे हात हलले नाहीत. छापखान्याचा मालक पुढल्या वर्षापर्यंत थांबणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे मामांकडे पाहू लागले. मामा बायकोकडे पाहत होते. ती खरंच हात वर करणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

"उतार करता येईल का रे?" त्यांनी गवंड्याला विचारलं. हात अजून वरच होता. "काठी घेऊन चढता येईल असा?"

उतार पुढची सगळी जागा खाईल, गवंडी कुरकुरला, अंगण म्हणून उरणार नाही. खाऊ दे, मामा म्हणाले. पाळकांनीही मान डोलावली. तेव्हा गवंड्यानं टाचेनं मातीत उताराची रेघ ओढली.

मामी त्या रेघेवरून काठी टेकत एकदा शेवटापर्यंत जाऊन आल्या. वळण फार जवळ आहे, म्हणाल्या, आणि गवंड्याकडून ते मोकळं करून घेतलं. मग काठीसकट हात वर केला. तोल जाऊ नये म्हणून मामांनी त्यांचं दुसरं कोपर धरलं, आणि पाळकांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.