नमिताचं तिसरं बाळंतपण

“नमेऽऽ, ये गो, पेज निवली.”

हाक बांधावरून यायची. खाडीचा वारा तिच्यातली अर्धी हाक खाऊन टाकायचा आणि उरलेली अर्धी नेमकी नमिताच्या पोटात येऊन पडायची. पेणच्या खाडीकाठी तेव्हा नजर पोचेल तिथवर मिठागरं. आई, गिरजाबाई, कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, मीठ दांताळ्यानं ओढून कडेला रास घालायची आणि लेक बांधाच्या उतारावर खेकड्यांच्या बिळांत काड्या खुपसत हिंडायची. हाक आली की काडी टाकून पाय पळत सुटायचे. टोपात तांदळाची पेज, जोडीला चुलीत भाजलेला सुका बोंबील. मीठ वरून घ्यायला लागायचं नाही, ते आईच्या बोटांनाच असायचं. लेक भुरके मारायची, आणि आई तिच्या तोंडाकडे बघत गुणगुणायची,

मीठ पिकलं आगरी, जसं चांदणं पसरलं,
लेक भुकेजली माझी, काम हातीचं विसरलं.

काय भूक होती ती. सकाळी नमिताच्या आधी उठून बसायची, शाळेच्या वाटेवर हात धरून चालायची, दुपारी परकर ओढायची. पाठच्या बहिणीसारखी भांडायची आणि बहिणीसारखीच सोबत करायची. लग्न होऊन नमिता रोह्याला, कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीत नांदायला आली, तेव्हा नव्या घरात तिच्या ओळखीचं दुसरं कोण होतं? ही एक भूकच तेवढी माहेरून आलेली.

मग दोन बाळंतपणं झाली. प्रत्येक वेळी माहेरी सव्वा महिना आईनं तेल, शेक, हळिवाचे लाडू यांत तिला बुडवून काढलं. अंग भरलं ते भरतच गेलं. गुडघे कुरकुरायला लागले, साखर लागली, झोपेत श्वास अडकायला लागला. नवरा प्रणित कंपनीत शिफ्टला जायचा. रात्रपाळी नसली की उशाशी बसून तिचा श्वास ऐकत राहायचा. शेवटी गेल्या दिवाळीनंतर त्यानंच तिला पनवेलच्या एका डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि थैलीएवढं पोट केळ्याएवढं करून नमिता घरी आली.

पुन्हा जन्मल्यासारखं सगळं पहिल्यापासून. आधी चमच्यानं पाणी, मग डाळीचं पाणी, मग ताक. मग मऊ, कुस्करलेलं. आता बारकी वाटीभर जेवण. घास एवढा चावायचा की तोंडातच त्याची पेज झाली पाहिजे. जेवताना पाणी नाही. पाणी मधल्या वेळात, घोट घोट. आधी अंडं, मूग, मासळी. भात उरलेल्या जागेत, आणि जागा उरतेय कुठे? सकाळ-संध्याकाळ चालणं. आधी अंगणापुरतं, मग पुलाच्या तोंडापर्यंत, आता पूल ओलांडून रोह्याकडच्या नदीकाठानं लांब चक्कर. पूर्वी याच पुलाच्या मध्यावर ती कठड्याला धरून, नदी बघतेय असं दाखवत दम घेत उभी राहायची. आता खरंच नदी बघायला थांबते.

“नमिता, कमरेला दगड बांधून चाल गो,” शेजारच्या विमलबाई ओट्यावरून म्हणायच्या. “पुलावर वारा लय असतो. उडालीस तर प्रणितला काय सांगू?”

“सांगा, नागोठण्यापर्यंत गेली, येतेच एवढ्यात,” नमिता म्हणायची आणि दोघी हसायच्या.

हसण्यासारखंच होतं सगळं. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या होत्या. प्रणित रात्री घोरायला मोकळा झाला होता. येईल त्याला तो कौतुकानं तिचे जुने ब्लाउज दाखवायचा. “आता बरं वाटतं ना?” जो तो विचारायचा. “व्हय,” ती म्हणायची.

भूक गेली होती, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मोबाइलचा गजर वाजला की ती जेवायची. मासळीचा वास येई, चवही कळे. पण आतून कुणी हाक मारत नसे. तपासणीला डॉक्टरांनी विचारलं होतं, “भुकेचा त्रास नाही ना?” ती नाही म्हणाली, आणि ते खूश झाले. त्रास नाही म्हणून खूश झालेल्या माणसाला काय सांगायचं, की साहेब, मला त्या त्रासाचीच आठवण येते?

आणि आईला तर ऑपरेशनच खोटं सांगितलं होतं. पित्ताचे खडे काढले म्हणून. जिनं घासाघासानं हे अंग उभं केलं, तिला ते कापून कमी केलं असं कोणत्या तोंडानं सांगणार?

होळीच्या सुमाराला गिरजाबाईचा फोन आला.

“सुरी पोटाला लागली ना?”

“व्हय आये, पण बारकीशी…”

“पोटाला सुरी लागली म्हणजे बाळंतीणच. दोन केली, हे तिसरं. कसं करायचं ते मला माहीत हाय. ये.”

“अगो आये, बाळ कुठंय?”

“तू हायस ना,” म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रणित हसून लोटपोट झाला. “जा. पोरांना मी बघतो. पण वाटी घेऊन जा,” म्हणाला.

रोह्याहून सकाळच्या गाडीनं ती निघाली. निडी स्टेशन मागे पडलं, वालाची शेतं उपटून मोकळी झालेली, बांधांवर सुकल्या वेलांचे ढीग. पूर्वी या वाटेवर गाडी नागोठण्याला यायच्या आत तिचा डबा संपलेला असायचा, आणि पेणला उतरली की आई काय रांधेल या विचारानं तोंडाला पाणी सुटायचं. आता पिशवीत वाटी होती, आणि आईला सांगायची तीच खड्यांची थाप.

दारात गिरजाबाईनं भाकरतुकडा ओवाळला, तो टाकला आणि मग लेकीला नीट पाहिलं. पाहातच राहिली.

“खड्यांबरोबर लेक पण काढली काय त्यांनी?”

“आत्या, बघा की किती छान दिसतायत ताई,” भावजय पूजा आतून म्हणाली.

“छान दिसायला ही नवरी हाय काय? चल आत. वारा बाधेल.”

आणि तिसरं बाळंतपण सुरू झालं. खाट कोपऱ्यात, वाऱ्याच्या आड. कान रुमालानं बांधले. पाणी प्यायचं तर ओव्याचं. चालायचं तर मोरीपर्यंत. नमितानं दबकत सांगितलं की डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलंय, तर म्हातारी म्हणाली, “त्याला काय जातंय सांगायला. तो बाळंत झालाय काय कधी?”

दुपारी आईनं तेल लावलं. तिचे हात पूर्वीचेच, मिठानं भेगाळलेले, खरखरीत. पोटावरच्या बारक्या वणांवर येऊन ते हात हलके झाले. मग जुनं मऊ लुगडं घेऊन तिनं पोट बांधायला घेतलं. पूर्वी मोजक्या वेढ्यांत संपणारं लुगडं या खेपेला संपेना. आई वेढे देतच राहिली आणि नमिता डोळे मिटून पडली. तिला वाटलं, हे असंच चालावं, काही सांगायला लागू नये.

सगळं निभावलं असतं. पण चार वाजता हळिवाचे लाडू आले. गूळ, खोबरं, वरून तुपाची धार. पूजा हळूच म्हणाली, “ताई, नको असला तर मी घेते आत.” पण आई पुढ्यात बसली होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून, बरोबर तशीच, बांधावर बसायची तशी. नमितानं लाडू फोडला. चव इतकी ओळखीची की डोळे भरले. आणि तिनं ती चूक केली जी कोणतीही लेक करेल: न चावता, आईला आवडतं तसं, भरभर खाल्लं. अर्धा झाल्यावर आई म्हणाली, “संपव.” तिनं संपवला.

थोड्याच वेळात अंगाला घाम फुटला. छाती फडफडायला लागली, घर फिरलं. ती कशीबशी मोरीपर्यंत गेली आणि सगळं बाहेर पडलं. गिरजाबाई मीठ-मोहऱ्या घेऊन धावली. “दृष्ट लागली गो माझ्या बायला. कुणाची लागली? त्या गाडीतल्या…”

“कुणाची नाय,” नमिता भिंतीला टेकून म्हणाली. “आये, बस. खडे नव्हते.”

मग तिनं सांगितलं. गुडघे सांगितले, साखर सांगितली, रात्री अडकणारा श्वास सांगितला, केळ्याएवढं पोट सांगितलं. गोड एकदम गेलं की असं होतं, तेही सांगितलं. पूजा पाणी घेऊन दारातच थांबली.

गिरजाबाईच्या मुठीत मोहऱ्या तशाच होत्या.

“म्हंजे मी चारलं, ते तू कापून टाकलंस.”

“तसं नाय गो…”

“तसंच हाय.” ती उठली. लाडवांचा डबा उचलून तिनं फळीवर वर ठेवला, हात पोचेना तरी टाचा उंचावून ठेवला.

रात्री पूजानं मुगाचं कढण आणून दिलं. आई बोलली नाही. सकाळी उठल्यावरही बोलली नाही. या घरात नमिताला “काय खातेस?” असं कुणी विचारलं नाही, अशी ही पहिलीच सकाळ. गजर वाजला, तिनं उकडलेलं अंडं चावून चावून खाल्लं, कानाचा रुमाल सोडून खाटेवर ठेवला आणि चप्पल घालून निघाली. आई बोलणं तोडून बसली, तर निदान पाय तरी मोडून बसू नयेत.

बांध तोच होता. मिठागरं मात्र फार थोडी उरली होती. कुठे कोळंबीची तळी, कुठे कांदळवन आत घुसलेलं. एका कोंडीत मात्र अजून पांढरं चकाकत होतं. नमिता चालली, आधी सावकाश, मग पाऊल मोकळं होत गेलं. वाऱ्याला खारट वास होता. कितीतरी वर्षांत ती या बांधावर स्वतःच्या पायांनी इतकी लांब आली नव्हती; येऊ शकली नव्हती. माहेरपणात ओट्यावरूनच खाडी बघायची आणि म्हणायची, ऊन फार हाय.

मागून चपलांचा आवाज आला. वळून बघते तर गिरजाबाई, पदर खोचलेला, हातात तो रुमाल.

“कान बांध,” ती म्हणाली.

नमितानं मुकाट बांधले. दोघी चालू लागल्या. म्हातारी सत्तरीपार, पण तिच्या बरोबरीनं चालताना लेकीलाच पाऊल उचलावं लागत होतं.

“हे असं चालायला डॉक्टर सांगतो?” आईनं विचारलं.

“व्हय. रोज.”

“आणि त्याला पैसे देता?”

नमिताला हसू आलं. “देतो.”

“आम्ही कोंड्या तुडवायचो. मोसम धरायला चिखल पायांनी टणक करायचा. दिवसदिवस नाचल्यासारखं. तेव्हा नाय कुणी सांगितलं, गिरजा, लय भारी व्यायाम करतेस.” तिनं सुटलेला पदर पुन्हा खोचला. “मुकादम सांगायचा, गिरजा, पाय उचल.”

पाण्याच्या कडेला बगळे उभे होते. उरलेल्या मिठागराच्या उघडीपाशी, खाडीचं पाणी आत घ्यायच्या दारापाशी, आई दगडावर बसली, तिनं लेकीला शेजारी ओढलं आणि तिच्या मनगटाभोवती बोटांचं कडं केलं. बोटं सहज भिडली.

“रात्री नीज नाय आली,” ती म्हणाली. “तू लहान असताना आगरात माझ्याजवळ दुसरं द्यायला काय होतं? अन्नच होतं. मग तेच देत गेले. तू मोठी झालीस, तुझ्याकडे सगळं आलं, तरी मला दुसरं काय द्यायचं ते सुचलंच नाय. तू जेवायचीस ना, तेव्हा मला वाटायचं माझं काय बाकी नाय. आता तू येशील, आणि मी तुला काय देऊ?”

आईनं कडं सोडलं आणि तिच्या हाताच्या सुटलेल्या, सैल कातडीवर बोट फिरवलं, धाकट्या पोराचं अंग बघावं तसं.

“पण पाय चालतायत तुझे. ते बघितलं मी मागून. पोरगी असताना चालायचीस तशी चाललीस.” तिनं मान वर केली. “श्वास अडकत नाय ना आता?”

“नाय.”

“गुडघे?”

“बरे हायत.”

“मग खरं सांग. सगळं बरं हाय ना? सुखात हायस?”

साऱ्या रोह्यानं विचारून झालेला प्रश्न होता. विमलबाईंनी विचारला होता, डॉक्टरांनी विचारला होता, प्रणित तर रोज विचारायचा, आणि उत्तर ओठांवर तयारच होतं. ते तिनं गिळलं. समोर खाडी भरतीला लागली होती, उघडीतून पाणी हळूहळू आत येत होतं.

“आये,” ती म्हणाली, “मला भूक लागत नाय. ऑपरेशन झाल्यापासून एकदापण नाय लागली. डॉक्टर म्हणतो चांगलं हाय, यांनाही तसंच वाटतं, म्हणून मी कुणाकडे बोलले नाय. पण घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं गो. वेळ झाली की मी वाटी घेऊन बसते आणि ती आता येईल, आता येईल, म्हणून वाट बघते.”