चारशे बारा छिद्रं

संग्रहालयाच्या तळघरात जुने कागद धुणाऱ्या, सांधणाऱ्या बाईंना सगळे खळताई म्हणत. सव्वीस वर्षं खळ शिजवून हातांना तोच वास लागला होता. घरी सासूबाई म्हणत, “तुझ्या हातचं पाणी प्यायलं तरी घसा चिकटतो गं.”

वरच्या दालनात संग्रहालयाचं भूषण होतं: अडीचशे वर्षांपूर्वीच्या आरमारी लढाईचं भिंतभर चित्र. आपली जहाजं डौलात, शत्रूचं धुरात. त्यावरून पुढे आणखी दोन चित्रं निघाली. दर चित्रात धूर वाढला. तिसऱ्यात तर शत्रूला वाचवायला होड्याही धावल्या.

खळताईंच्या टेबलावर त्याच लढाईचं शाईचं रेखाटन होतं, आणि त्यात धूर नव्हताच. शत्रूच्या जहाजाने निशाण उतरवलेलं, म्हणजे शरण आलेलं. तरी तोफा सुरूच. पाण्यात माणसांची डोकी. यादीत नोंद होती, ‘विद्यार्थ्याने केलेली नक्कल.’ सोमवारी ते मोठ्या चित्राशेजारी लागायचं होतं. पाटीचा मजकूर आज ठरणार होता.

टांगायचं म्हणून त्यांनी मागचा जुना पुठ्ठा सोडवला आणि कागद पहिल्यांदाच दिव्याच्या काचेवर ठेवला. ठेवला आणि वाकून बघितलं.

कागदभर बारीक गडद ठिपके होते. जहाजाच्या कडेकडेने, शिडाच्या रेषेवरून, थेट डोलकाठीच्या टोकापर्यंत ओळीने. जुने चित्रकार रेखाटनाच्या रेषा सुईने टोचत, ते कॅनव्हासवर धरत आणि वरून कोळशाची पूड थापटत. ठिपक्याठिपक्यांनी आकृती खाली उतरे. म्हणजे आधी हे रेखाटन, मग ते भिंतभर चित्र. ज्याने ती डोकी डोळ्यांनी पाहिली, तोच नक्कल करणारा विद्यार्थी ठरून बसला होता.

आणि ते ठिपके खळताईंच्याच हातचे होते: छिद्रांत भरलेला कागदाचा लगदा, उजेड अडवणारा. नोकरीतलं पहिलं काम. काम शिकवणारे उस्ताद म्हणाले होते, “किडीने खाल्लंय, बुजव.” त्यांनी चारशे बारा छिद्रं लगद्याने बुजवली आणि कडेची काळी घाण स्वच्छ धुऊन काढली. शाबासकी मिळाली होती. कीड डोलकाठीवर नाकासमोर कशी चढते, हे कोणी विचारलं नाही.

संग्रहपाल साहेब खाली आले. कानामागून येऊन तिखट झालेले. पण माणूस वाईट नव्हता, नुसता सावध. खळताईंनी त्यांना ठिपके दाखवून सगळं सांगितलं.

“छान,” दिव्यावर वाकून ते म्हणाले. “पण यात दिसतंय ते तुमचं काम, खळताई. छिद्रं कुठायत?”

“बुजवली ना मी!”

“आणि अहवालात काय लिहिलंत? कीड. त्यावर यादी छापली, यादीवर दोन पुस्तकं झाली. कोळशाची पूड तरी दाखवा.”

“धुतली.”

“धुतली,” साहेब हळूच म्हणाले. “तुमचं काम इतकं सफाईदार, की आता तुम्हालाच खोटं पाडतंय.”

“साहेब, त्या माणसांवर शरण आल्यावर तोफा डागल्या हो. आणि हे सांगणारा हा एकच कागद आहे.”

“म्हणूनच तर मला पुरावा हवा.”

खळताईंनी चिमटा उचलला. कागदाच्या वरच्या काठावर पुढून दुमडलेली जुन्या पुठ्ठ्याची एक पट्टी अजून चिकटून होती; तिच्याखाली तेव्हा त्यांचा हात पोचलाच नव्हता. ती ओली करून त्यांनी श्वास धरून सोलली. खाली झेंड्याच्या काठीचं टोक, त्यावर एक छिद्र, आणि छिद्राच्या कडेला काळी पूड.

साहेबांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. एकदा त्यांचे कान लालही झाले.

“एक,” शेवटी ते म्हणाले. “चारशे तेरा असती तर गोष्ट वेगळी. एका छिद्राला कीडच म्हणतात, खळताई. तेवढं बुजवून टाका. पाटी तीच राहील: ‘विद्यार्थ्याची नक्कल. धूर रंगवायचा राहिला.’”

जिन्यावरची पावलं वाजून थांबली. खळ तयार होती, लगदाही. खळताईंनी दोन्ही मोरीत ओतली. मग अहवालाची वही काढून सव्वीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच गोल, हुशार मुलीसारख्या अक्षराखाली लिहिलं: ‘छिद्र एक. सुईचं. बुजवलेलं नाही.’

एकदा यादी छापली की त्या वह्या पुन्हा कोणी उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?