धोंडुबाई समक्ष हजर

मेलेल्या बाईला कागदावर जिवंत ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, साहेब? डोक्यावर पंखा फिरतो म्हणून डोकंही फिरलं का? धोंडुबाई गेली त्याला दोन वर्षं झाली. भातकापणी टाकून अख्खी वाडी मर्तिकाला आली होती. सगळ्यांसाठी ती गेली, फक्त तुमच्या रजिस्टरातून तेवढी गेली नाही. त्यापायी तिच्या सुनेनं काय भोगलं, ते ऐका आता.

सून म्हणजे अनिता. पेण तालुक्यात, गागोद्याच्या अलीकडे एका वाडीत त्यांचं कौलारू घर. नवरा पोपट रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून इतक्या लांब बाइकवर यायचं म्हणजे डोळा लागणारच. एकदा ट्रकच्या चाकाशी जाऊन थांबला. त्या दिवशी अनितानं ठरवलं, घर विकायचं आणि रोह्यालाच, नदीपलीकडे अष्टमीत दोन खोल्या घ्यायच्या. घर परत बांधता येतं, नवरा नाही.

एजंट हर्षद आला आणि सल्ल्यांचं पोतं मोकळं करून गेला. "वैनी, चुना मारून घ्या. अडगळ काढा. आणि पयले भिंतीवरचे फोटो उतरवा. घेणाऱ्याला घर त्याचं वाटाय पायजे, तुमचं नाय."

अनितानं सासूचा हार घातलेला फोटो उतरवला. मागं भिंतीवर चौकोन राहिला. चुन्याचे दोन हात दिले, तरी सुकल्यावर चौकोन आपला जागेवर.

शेजारच्या गिरजाबाईचा सल्ला वेगळाच. "शेवटचं कुलूप घालशील ना, तवा उंबऱ्यावर 'येते' म्हणू नको गो. एरवी आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? पण विकल्या घराला 'जाते'च म्हणायचं. नायतर घर वाट बघत बसतं."

"घर काय कुत्रा हाय, वाट बघायला?"

"कुत्रा बरा. तो कवातरी मरतो."

अनिता हसली, पण तो 'येते' तिच्या मनात राहिला. दोन वर्षांपूर्वी ती रोह्याकडे खोल्या बघायलाच निघाली होती. धोंडुबाईला चार दिवस ताप होता, तरी मागच्या दारी भिजलेले वाल सोलत बसलेली. बिरडं करायचं होतं. "येते गो आत्या," अनिता म्हणाली. सासू म्हणाली, "लवकर ये, सोलून होतीलच तवर." एसटी चुकली. अनिता दिवेलागणीला पोचली तेव्हा सासू भिंतीला टेकलेली होती, हात वालाच्या टोपात, पाणी गार. जवळ कुणी नव्हतं.

मरणाची खबर पोपटनं दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या कचेरीत दिली. "बघतो," तिथला माणूस म्हणाला. दोन वर्षं तो बघतच होता. घर धोंडुबाईच्या नावावर, आणि मेल्याचा दाखला नाही. गिऱ्हाईक मिळालं तेव्हा त्याच कचेरीत वारस नोंदीचा अर्ज दिला. गिऱ्हाईक म्हणालं, महिनाभर थांबतो, पुढं नाही. अनितानं सामान अष्टमीला हलवलं, घराला कुलूप घातलं. आणि कुलूप घालताना, पन्नास वेळा मनात घोकूनसुद्धा, सवयीनं तोंडातून निघालंच, "येते."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अनितानं ते कचेरीच्या पायरीवरच उभ्यानं वाचलं.

"दिनांक मजकुरी दुपारी एक वाजता प्रत्यक्ष पाहणी केली. घरमालक धोंडुबाई मागील दारी वाल सोलीत असता समक्ष हजर मिळाल्या. अंगठा घेतला. मालक हयात असल्याने वारस नोंद करता येत नाही."

तारीख पाहिली. त्या दिवशी घराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कनवटीला.

"जागेवर बसून लिवलंय भडव्यांनी," बरोबर आलेला पोपट म्हणाला. "अंगठा जुन्या कागदावरनं मारला असंल."

अनितानं कागदावरच्या अंगठ्यावर बोट फिरवलं. मधून तिरपी पांढरी रेघ गेलेली. ऐन कापणीत विळा लागला होता धोंडुबाईला, त्याची खूण. बोट उचललं तर टोकाला निळी शाई. ओली. जुन्या कागदाचं सोडा, पण वाल कुणी सांगितले ह्यांना?

भर दुपारी ती एकटीच वाडीत गेली. कुलूप तसंच होतं. उघडून मागच्या दारी गेली. पायरीवर वालाच्या सालींचा ढीग होता, अजून ओला. टोप नव्हता, माणूस नव्हता. चौकोन तेवढा भिंतीवरून बघत होता. तिनं तोंड उघडलं, "जा..." पुढचं अक्षर निघेना. मूठभर साली पदरात बांधून ती तशीच निघाली, ती थेट कचेरीत.

टेबलामागचा माणूस चहा पीत होता. कागद बघून म्हणाला, "सोपं आहे की ताई. बाईंना एकदा घेऊन या. आमच्यासमोर सही केली की घर मोकळं."

"ती मेली."

"असं कसं? आमचा माणूस स्वतः भेटलाय."

"बोलवा त्याला."

"तो रजेवर आहे. आल्यापासून ताप आहे त्याला."

अनितानं पदर सोडला. ओल्या साली त्याच्या फायलींवर, चहाच्या बशीत पडल्या.

"हे बघ साहेब," ती म्हणाली. "तुमचा माणूस गेलाच नसंल, तर खोटं लिवलं म्हणून लेखी दे, ती मेली म्हणून दाखला दे, मी सुटते. आणि गेला असंल, ती भेटली असंल, तर तेपण लेखी दे. मी 'येते' म्हणून गेले होते, आन् तिनं एकटीनं जीव सोडला. तर सांग मला, ती काय बोलली त्याच्याशी? सून आली का म्हणून विचारलं का तिनं? विचारलं का नाय? बोल!"