पांढऱ्या डेलियाची मान

टेलरमास्तरांच्या बायकोला लोक हट्टी म्हणायचे, आणि लोकांचं काही चुकत नव्हतं. तिला एक पांढरा डेलिया हवा होता. आता पांढरे डेलिया बाजारात ढिगानं मिळतात. पण हिला हवा होता तो असा, की कापून पाण्यात ठेवला तर चार दिवस त्याची मान पडायला नको. पांढऱ्या डेलियाचं डोकं हे भलं मोठं आणि मान मऊ. दुसऱ्या दिवशी तो खाली बघायला लागतो.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते धाकट्या बहिणीच्या फुलांच्या दुकानात. तिथे ती गुच्छ बांधायला जायची. डेलियाचा देठ आतून पोकळ असतो. त्यातून बारीक तार वर सरकवायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत तरी फूल ताठ राहतं. सगळे फूलवाले हेच करतात. मास्तरांच्या बायकोनं हजारो फुलांना तारा घातल्या असतील, आणि एक दिवस घरी येऊन ती म्हणाली, "फुलाच्या नरड्यात तार घालून त्याला उभं करायचं, ही शुद्ध फसवणूक आहे. तारेशिवाय उभा राहणारा मी काढून दाखवीन."

"काढ," मास्तर म्हणाले. "पण मग नवरा निवडताना ताठ मानेचा का नाही बघितलास?"

मास्तरांची मान जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेली. ती पोट धरून हसली, पण हट्ट काही सोडला नाही.

डेलियाचा कंद लावला तर आई तशी लेक. बी पेरलं तर मात्र काय निघेल ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. एकाच बोंडातल्या बिया, सख्ख्या बहिणी, पण एकीचा रंग दुसरीला नाही आणि दुसरीची उंची तिसरीला नाही. म्हणून ती बी पेरायची. दर वर्षी थंडी सरायच्या आधी मास्तरांच्या कामाच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर तिचा ट्रे यायचा, कारण घरात सगळ्यात उबदार जागा तीच. खाली मास्तर पँटींना कडक घडी घालायचे आणि वर मातीतून कोंब डोकं काढायचे. उन्हाळ्यात रोपं अंगणात जायची. फुलं आली की प्रत्येक झाडाचं पहिलं फूल ती कापायची, जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात ठेवायची, आणि चार दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. मान पडली की झाड मुळासकट उपटून मागच्या खतखड्ड्यात.

"अगं, फूल किती सुरेख आहे! राहू दे की," मास्तर म्हणायचे.

"सुरेख आहे म्हणूनच. ठेवलं तर जीव जडेल, आणि मग मी शोधायचं सोडून देईन."

मास्तरांना ती तेव्हा जरा कठोर वाटायची. त्यातल्या त्यात जास्त टिकलेल्या दोन-तीन झाडांचे कंद तेवढे ती ठेवायची आणि पुढच्या वर्षीचं बी त्यांचं धरायची. डेलिया तसा वर्षानुवर्षं जगणारा, पण थंडीला फार नाजूक. गारठा पडण्याआधी कंद काढून घरात घेतले नाहीत, तर जमिनीतच त्यांचा चिखल होतो.

एका वर्षी नेमकं तेच झालं. ती आजारी पडली. मास्तरांच्या रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि कंद जमिनीत आहेत हे घरात कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मधे थोडे दिवस तिला घरी सोडलं. अंगणात जाऊन तिनं माती उकरून बघितली, बोटांना लागलेला काळा लगदा पुसला आणि एका शब्दानंही मास्तरांना बोलली नाही. डब्यात थोडं बी उरलं होतं. खुर्चीत बसून तिनं तेवढं पेरलं. कोंबांना दोन-दोन पानं फुटली, तेव्हा ती परत रुग्णालयात होती, आणि तिथून ती आली नाही.

लोक येऊन गेले, मशीन पुन्हा सुरू झालं. मास्तर चमच्यानं रोपांना पाणी घालू लागले. फळीवर ट्रे होता आणि ट्रेमध्ये तिच्या हातचं शेवटचं काही जिवंत होतं. त्याच्यापुढे बाकी सगळं त्यांना फुकाचं वाटायचं.

रोपं नुसती उंच होत गेली. धाकटीनं येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. "भावोजी, शेंडे खुडले नाहीत? रोपं अशी काटकुळी वाढली तर फूल कसं येणार?"

"तिनं लावलेल्याला मी कात्री लावू?"

"जन्मभर कात्री चालवली ना तुम्ही?"

"ती कापडाला."

शेवटी शेंडे धाकटीनंच खुडले. पुढे फुलं यायला लागली. एक लाल आलं, एक जांभळं, एक तर धुवून विटलेल्या अस्तरासारखं. मास्तर नेमानं पहिलं फूल कापायचे आणि ग्लासात ठेवायचे. एवढं ते करू शकत होते, कारण चार दिवस वाट बघता यायची. मान पडली की मात्र त्यांचं अवसान गळायचं. मग धाकटी दुकान बंद करून यायची आणि झाड उपटून खड्ड्यात टाकायची. तेवढा वेळ मास्तर आत मशीन चालवत बसायचे. सुईखाली कापड नसायचं.

असं करत करत अंगणात एकच झाड राहिलं. उशिरा कळी धरली, आणि फुललं ते पांढरं! चांगलं बशीएवढं, दुधासारखं. सकाळी अंगावर शहारा येईल इतपत गारवा सुरू झाला होता, म्हणजे या झाडानंतर यंदा काही नाही, आणि यंदानंतर तिच्या हातचं कधीच काही नाही. मास्तरांनी फूल कापून टेबलावर ठेवलं. त्या दिवशी त्यांच्या हातून एका शर्टाला दोन डाव्या बाह्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी डबा घेऊन आली, तेव्हा मास्तर गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला गेले होते. परत आले तेव्हा ती जायच्या घाईत होती. फूल ताठ होतं. तिसऱ्या दिवशीही ताठ. चौथ्या दिवशी सकाळी मास्तर उठून तसेच टेबलाशी गेले, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मान तसूभरही हलली नव्हती. त्यांनी धाकटीला फोन केला. "आहेस तशी ये. ताईनं काढलं गं!"

ती आली आणि दाराशीच उभी राहिली.

"बघ तरी! आज दुपारीच कंद काढतो. नाव तिचंच द्यायचं. आणि तुझ्या दुकानात पाटी लावायची, बिनतारेचा डेलिया म्हणून."

"हो, लावू ना," धाकटी म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती.

मास्तरांनी फूल ग्लासातून उचललं, तिच्या हातात द्यायला. देठ त्यांच्या अंगठ्याखाली आला. कॉलरच्या आत काय घातलंय ते न उसवता सांगणारी बोटं ती. त्यांना फुलाच्या मानेत काय आहे ते कळायला वेळ लागला नाही. त्यांनी देठ उलटा केला. पोकळीत तारेचं टोक होतं.

"केव्हा?"

"तुम्ही कोट द्यायला गेला होतात तेव्हा," धाकटी म्हणाली. "मी आले तेव्हा मान कलायला लागली होती, भावोजी. तुम्ही येऊन ती तशी बघाल, हे मला सोसेना. तारा पिशवीत असतातच माझ्या. हात माझे आपोआप चालले."

मास्तर खुर्चीत बसले. एका हातानं देठ धरून त्यांनी दुसऱ्या हातानं तार हळूच ओढून काढली. फूल क्षणभर तसंच राहिलं. मग कललं, आणि पाकळ्या त्यांच्या मनगटाला टेकल्या.

"राहू द्या ना झाड," धाकटी रडत म्हणाली. "दुकानासाठी नको, घरासाठी ठेवा. ताईच्या हातचं एवढंच तर उरलंय. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"ती," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदा तीच विचारेल."

त्यांच्या मनात मोह नव्हता असं नाही. चांगला होता. कंद काढावा, भुश्शात घालून पलंगाखाली ठेवावा, दर वर्षी लावावा, दर वर्षी पांढरं फूल बघावं. कुणाच्या बापाचं काय जातंय? पण ज्या गोष्टीला ती जन्मभर फसवणूक म्हणत आली, तीच तिच्या नावानं सांभाळायची, हे त्यांना जमेना. ते उठले. कोपऱ्यातली कुदळ घेतली.

अंगणात माती गार होती. धाकटी सवयीनं पुढे झाली, पण त्यांनी तिला बाजूला केलं. झाडाभोवती खणलं, खाली हात घालून ते उचललं. मुळाशी बोटभर जाडीचे नवे कंद धरले होते, चांगले घट्ट, रसरशीत. मास्तरांनी ते एकदा डोळे भरून बघितले. मग झाड खड्ड्याशी नेलं, आत टाकलं आणि वर माती ओढली. इतकी वर्षं हे काम ती एकटी करत आली होती, आणि आपण तिला साधं विचारलंही नाही की बाई गं, तुला काय वाटतं. ते त्यांना आता फार लागलं.

हात धुवून ते घरात आले. टेबलावर नुसता ग्लास होता. वसंतापासून रोज सकाळी या घरात कशाची ना कशाची वाट बघायची असायची, कोंबाची, कळीची, चौथ्या दिवसाची. आणि ती वाट बघताना मास्तर कधी एकटे नसायचे. आज वाट बघायला काही नव्हतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"धाकटे," ते म्हणाले, "गेली गं ती."

ती जाऊन कित्येक महिने झाले होते. मास्तरांनी ते तोंडानं आज पहिल्यांदा म्हटलं.