चोवीस तासांचं पान

शहापूरच्या बाजारपेठेत संदेशचं सायबर कॅफे होतं. संगणक सात आणि इंटरनेटची लाइन एकच, तीही मुलखाची आळशी. म्हणून त्यानं मागच्या खोलीत एक कॅशिंग सर्व्हर बसवला होता. कोणी एखादं पान उघडलं की हा सर्व्हर त्याची प्रत ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्यानं तेच मागितलं की आपल्याजवळची प्रत पुढे करायचा. संदेशला त्याचा भारी अभिमान.

दोन हजार सहा सालचा जुलै. सोमवारी अकराला डी.एड.ची दुसरी यादी लागणार होती. डी.एड. म्हणजे मास्तरकी, मास्तरकी म्हणजे सरकारी नोकरी, तेव्हा निम्मा तालुका त्या यादीकडे डोळे लावून बसलेला. साडेदहालाच दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळे एकच पान मागत होते. लाइन गळपटली, सर्व्हर अडकला, सातही पडदे पांढरे पडले आणि लोकांनी ओरडा सुरू केला.

संदेश मागे पळाला. डिस्क भरली होती, ती त्यानं रिकामी केली. तरी सर्व्हर दर वेळी ‘पान बदललं का?’ असं विचारायला बाहेर जायचा आणि तिथंच खोळंबायचा. शेवटी संदेशनं ते विचारणंच बंद करून टाकलं. आलेलं पान चोवीस तास ठेव, कोणाला काही विचारू नकोस. शहापूरचा माणूस दुसरं काय करणार? धरण उशाला आणि कोरड घशाला, त्यामुळे मिळेल ते भरून ठेवायची सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली. दोन मिनिटांत संगणक धावायला लागले आणि स्वारीनं कॉलर ताठ केली. भरून ठेवलेलं पान पावणेअकराचं होतं, म्हणजे जुनी पहिली यादी होती, हे त्या घाईत त्याच्या डोक्यातच आलं नाही. पानावर तारीख नव्हती, नुसते नंबर आणि नावं.

दुपारी अंजू आली. शेणव्याच्या पुढच्या पाड्यावरची ही पहिली बारावी पास मुलगी. तिनं यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली.

“नाय ना, दादा?”

“नाही गं. पुढच्या वर्षी बघ.”

“पुढल्या वर्षी बा नाय थांबायचा,” ती म्हणाली, आणि दुकानात येणाऱ्यांच्या वहीत नाव-गाव लिहून निघून गेली.

मंगळवारी सकाळी दहाला एक पोरगा तणतणत आला. ठाण्याच्या भावानं फोन केला होता, तिथं दिसणाऱ्या यादीत या पोराचं नाव होतं. संदेशनं सर्व्हरची नोंद उघडली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. कालपासून एकदाही पान बाहेरून आलं नव्हतं. साठवण पुसली तशी नवी यादी उघडली. प्रवेशासाठी विद्यालयात हजर व्हायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. वहीतल्या साठ नावांपैकी सहा यादीत होती. पाच जणांना फोनवर निरोप गेले. अंजूच्या पाड्यावर फोन नव्हता.

गप्प बसला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याची त्याला लाजही वाटली. त्यानं मोटारसायकल काढली.

पाड्यावर भाताची लावणी चालली होती. “अंजू, नाव लागलंय तुझं!” तो बांधावरून ओरडला. अंजू चिखलातून धावत आली, हसत होती. तिची आई रंभा मात्र आवणाच्या रोपांची जुडी हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

“कागद तं शामनं नेलं भिवंडीला, पयल्या गाडीनं,” ती म्हणाली. शाम रंभाचा भाऊ, अंजूचा मामा. तिथल्या गोदामात पोरी कामाला घेतात म्हणून तो अंजूचं गुणपत्रक, दाखले, सगळं घेऊन गेला होता. “काल तुमीच नाय म्हनलात ना?”

तरी झेरॉक्सा घेऊन दोघं मुरबाडला पोचली. यादीत अंजूला मिळालेल्या तिथल्या अध्यापक विद्यालयाच्या कारकुनाला मूळ कागद हवे होते. संदेशनं हात जोडले, सर्व्हरची सगळी कथा सांगितली. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं पाचपर्यंत फोन वापरू दिला. भिवंडीत गोदामं शेकडो, शामचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. पाच वाजले. कारकुनानं अंजूच्या नावावर रेघ ओढली आणि दाराशी फाइल छातीशी धरून बसलेल्या, प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला आत बोलावलं.

बाहेर पायरीवर संदेशला रडू आवरेना. “चूक माझी आहे, अंजू. घाल मला चार शिव्या.”

अंजू नखांतला वाळलेला चिखल काढत होती.

“तुमी आलातच कशाला, दादा?” ती म्हणाली. “मी काल रडून मोकळी झालेली. आपलं डोकंच कमी पडलं म्हनून जल्मभर गप बसली असती. तेवढं मला झेपलं असतं.”