रस्त्यावरचा नमस्कार

समोरून तो माणूस धावत येताना दिसला तसे रघुनाथ परुळेकर रस्त्याची कड सोडून मधोमध आले. सकाळचे सव्वासहा झाले होते. नरोलीच्या रस्त्यावर त्या वेळी दुधाच्या सायकली आणि पहिल्या पाळीचे कामगार सोडले तर वर्दळ नसायची, त्यामुळे मधोमध उभ्या राहिलेल्या साहेबाकडे दुर्लक्ष करणे कोणालाही जड गेले असते. त्याला गेले नाही. डोक्याच्या वर तीन चेंडू खेळवत, नजर त्या चेंडूंवरच ठेवून, विजेच्या खांबाला घालावा तसा परुळेकरांना वळसा घालून तो निघून गेला. चेंडू पडला नाही की पावलांचा ठेका चुकला नाही.

"सत्तावीस," परुळेकर मनाशी म्हणाले, "आणि हा एक नाही."

सरकारी कचेरीत ते कार्यालय अधीक्षक होते. कारखान्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जात, आणि सिल्वासात तर दर सहा महिन्यांनी नवा कारखाना उभा राहत होता. डॉक्टरांनी सांगितले म्हणून ते सकाळी फिरायला जातात असा लोकांचा समज होता. डॉक्टरांनी खरोखरच सांगितले होते, पण नमस्कार मोजायला सांगितले नव्हते. ती सवय त्यांची स्वतःची. थांबून, दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार पूर्ण. सायकलवरून कपाळाला लावलेला एक हात अर्धा. किराणावाल्या शांतिभाईचे "केम छो साहेब" हातांविना असे, पण आवाज नाक्यापर्यंत जाई, म्हणून तेही पूर्ण. कचेरीतले नमस्कार ते धरत नसत. तिथे लोक खुर्चीला हात जोडतात, रस्त्यावर माणसाला, असे त्यांचे मत होते. अधीक्षकपदाच्या तेरा वर्षांत हे मत तपासून पाहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

घरी सुलभाबाई चहा गाळत होत्या.

"आज किती?"

"मोजत नाही मी."

"बरं. मग किती?"

"सत्तावीस. तो चेंडूवाला सोडून."

"त्याचे हात रिकामे असतात का हो? त्याने काय पायाने नमस्कार करायचा?"

"मान हलवता येते. मान काही चेंडूत अडकलेली नसते."

"नजर असते," सुलभाबाई म्हणाल्या आणि कप पुढे सरकवला.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्या माणसाला नाव मिळाले. सव्वीस जानेवारीच्या धावण्याच्या शर्यतीचे अर्ज आले होते आणि शर्यतीच्या समितीचे चिटणीस अर्थातच परुळेकर होते. प्रसाद कर्णिक त्यांच्या हाताखाली सहा वर्षे काम करत होता. त्याने एक अर्ज वेगळा काढून हसत हसत पुढे ठेवला. विश्वनाथ अहिरराव, वय पंचेचाळीस, मसाटच्या सूत कारखान्यात पाळीचा सुपरवायझर, मूळ गाव मालेगावजवळचे.

"साहेब, वाचाच. 'मी तीन चेंडू झेलत धावतो. नुसते धावताना हातांना काही काम नसल्याने मला धावता येत नाही. तरी चेंडूंसह धावण्याची परवानगी मिळावी. तसेच पूर्ण अंतर चेंडू झेलत धावल्याचा उल्लेख प्रमाणपत्रात व्हावा, कारण गावी माझे वडील ही गोष्ट खरी मानत नाहीत.'"

परुळेकरांनी अर्ज घेतला. अक्षर बाळबोध होते. खाली एक ओळ नंतर घातलेली होती: 'वडिलांचे वय एक्याऐंशी आहे.'

"देऊन टाकू ना साहेब? लोकांना तेवढीच मजा."

"शर्यत मजेसाठी नसते, कर्णिक."

त्यांनी नियमांचा कागद ओढला. सहा कलमे होती. त्यांनी सातवे लिहिले: चेंडू अथवा अन्य वस्तू झेलत धावणाऱ्या स्पर्धकाची वस्तू एकदाही जमिनीवर पडल्यास तो स्पर्धक बाद समजण्यात येईल.

"एकदाही?" प्रसादने विचारले. "साहेब, आपल्याकडे माणूस पडला तरी बाद होत नाही. उठून धावतो."

"माणूस मुद्दाम पडत नाही. हे चेंडू तो मुद्दाम घेऊन येतोय."

यात कुठेतरी गफलत आहे असे प्रसादला वाटले असावे. पण साहेबांच्या निवृत्तीला चार आठवडे उरले होते, आणि चार आठवड्यांसाठी कोणी वाद घालत नाही.

एकतीस डिसेंबरला हार, नारळ, शाल, भाषणे झाली. कुडाळकडच्या घराचे काम अर्धवट होते, म्हणून सरकारी क्वार्टर सोडून दोघे किलवणी नाक्याजवळ दोन खोल्यांत आले. एक जानेवारीला परुळेकर रोजच्यासारखे निघाले. त्या दिवशी एकवीस झाले. नवीन वर्षाचा दिवस, लोक उशिरा उठले असतील, अशी त्यांनी तूट भरून काढली. आठ तारखेला अकरा. सायकलवाले आता हँडल सोडत नव्हते. पंधरा तारखेला शांतिभाई दुकानाची फळी उचलत होता. त्याने परुळेकरांकडे पाहिले आणि फळी उचलतच राहिला. फळी जड असेल, असे म्हणत परुळेकर पुढे गेले.

सुलभाबाईंनी आकडा विचारायचे बंद केले होते. तेही त्यांना टोचले.

अहिरराव मात्र रोज तसाच येत होता. परुळेकर आता मध्ये उभे राहत नसत, कडेने चालत. तो वर पाहत, तोंड किंचित उघडे ठेवून, टप टप टप करत निघून जाई. त्याच्या वागण्यात काही फरक पडलेला नाही हे त्यांच्या लक्षात आले होते, पण ते नेमके कोणत्या रकान्यात मांडायचे ते कळत नव्हते.

सव्वीस जानेवारीचे निमंत्रण 'कार्यालय अधीक्षक' या नावाने निघाले आणि बरोबर पत्त्यावर, म्हणजे प्रसाद कर्णिककडे पोहोचले. परुळेकरांनी स्वच्छ सदरा घातला, मैदानाकडे न जाता ते दमणगंगेच्या पुलाकडे गेले आणि पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. झेंडावंदनाआधी शर्यत होती. नरोलीच्या अलीकडून वळून याच पुलावरून परत, दहा किलोमीटर. पुलावर नेमलेले दोन स्वयंसेवक पहिले तीस-चाळीस धावक जाईपर्यंत थांबले आणि मग चहाला गेले. त्यांना नेमले कोणी होते, हे परुळेकर विचारणार होते. मग आठवले, की विचारणारे आता दुसरे.

परतीच्या वाटेवर अहिरराव बराच मागे होता. पुलावर आला तेव्हा तो एकटाच होता. बनियनवर कागदी नंबर, वर तीन चेंडू. परुळेकरांनी इतक्या सावकाशीने त्याला कधी पाहिले नव्हते. मनगटे वळत नव्हतीच जवळजवळ. चेंडू जणू आपणहून वर जात होते, आणि तो त्यांच्याखालून धावत होता. दीड किलोमीटर राहिले होते.

पुलाच्या या टोकाला नदीवरून वाऱ्याचा झोत आला. मधला चेंडू हातभर बाजूला गेला. अहिररावने झेप घेतली, बोटे लागली, आणि चेंडू धप्पकन रस्त्यावर पडला. घरंगळला नाही, जागीच बसला. बाजरी भरून शिवलेला कापडी चेंडू होता.

अहिरराव थांबला. त्याने चेंडूकडे पाहिले, मग मान वर केली आणि पहिल्यांदाच थेट परुळेकरांकडे पाहिले. हातातले दोन चेंडू त्याने खाली वाकून पहिल्याशेजारी नीट ठेवले. सरळ उभा राहिला. दोन्ही हात जोडले.

"नमस्कार साहेब. वर्षभर ऱ्हाऊन गेला, माफ करा. रोज तुम्ही दिसायचे, रोज वाटायचं, पण हात सोडले का सगळंच सुटतं."

तेरा वर्षांच्या सवयीने परुळेकरांची मान आधी अधीक्षकासारखी इंचभर हलली. मग हात वर आले.

"मी रिटायर झालो," ते म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाच कळले नाही.

"हो ना, ऐकलं. तब्येत चांगली ठेवली तुम्ही."

"चेंडू उचला. धावा. वेळ जातोय."

"आता कशाचा वेळ साहेब? बाद झालो मी. सातवा नियम आहे."

"इथे कोणी नाही. कोणी पाहिलं नाही."

अहिरराव हसला. दम लागला होता, त्यामुळे हसू तुकड्यातुकड्यांनी आले. "तुम्ही पाहिलं ना."

"मी कोणाला सांगत नाही."

"मी सांगतो ना पण. कागद घेऊन गावी जायचं, म्हातारा डोळ्यांत बघतो हो." त्याने वाकून चेंडू उचलले, फुंकून धूळ उडवली. "नियम कडक आहे, पण बरोबर असेल. जाणत्या माणसानंच लिहिला असेल. चला, आलोय तर पुरं करतो."

तीन चेंडू पुन्हा वर गेले. आठ-दहा पावलांत ठेका लागला आणि बाद झालेला माणूस मैदानाच्या दिशेने धावू लागला.

परुळेकर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग तेही निघाले. निकाल झेंडावंदनानंतर वाचतात आणि हरकत घ्यायची तर त्याआधी, प्रत्यक्ष पाहणाऱ्याने, टेबलाशी येऊन. ही सगळी कलमे त्यांना पाठ होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या चालीपेक्षा त्यांची चाल बरीच जास्त होती. सदरा पाठीला चिकटला. वाटेत शांतिभाईचे दुकान लागले, शाळेची पोरे झेंडे घेऊन रांगेत चालली होती, कचेरीतले दोघेतिघे इस्त्रीच्या कपड्यांत मैदानाकडे निघाले होते. यांतल्या कोणी हात जोडले की नाही, हे सुलभाबाईंनी नंतर विचारले असते तर परुळेकरांना सांगता आले नसते.

मंडपात टेबलामागे प्रसाद कर्णिक यादी भरत होता. समोर घामेजलेल्या धावकांची रांग होती. परुळेकर बाजूने टेबलाशी गेले.

"रांगेतून या," प्रसाद वर न पाहता म्हणाला.

ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पाचसहा माणसे पुढे अहिरराव होता, चेंडू काखेतल्या पिशवीत. त्याची पाळी आली तेव्हा त्याने काही सांगितले, प्रसादने चुकचुकत मान हलवली आणि यादीत तांबडी रेघ मारली. अहिरराव बाजूला झाला आणि पाण्याच्या पिंपाकडे गेला.

परुळेकरांची पाळी आली. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, कर्णिकसाहेब."

प्रसादने वर पाहिले आणि खुर्ची मागे ढकलत धडपडत उठला. "अहो साहेब! तुम्ही रांगेत? मला वाटलं... बसा ना."

"बसत नाही. हरकत घ्यायची आहे. सातव्या कलमावर."

"त्या अहिररावचं? साहेब, त्याने स्वतःच कबूल केलंय. आणि कलम तर तुमचंच."

"म्हणूनच. ते कलम रद्द करावं, आणि त्याच्या कागदावर चेंडूंचा उल्लेख यावा. एकदा पडला, हेही लिहा, त्याला तसंच आवडेल."

प्रसादने अंदाज घेत कोरा कागद ओढला. मागे रांग चुळबुळत होती.

"हरकतीत कारण लागतं, साहेब. कलम का घातलं होतं, काय लिहू?"

परुळेकरांनी पिंपाकडे पाहिले. अहिरराव एका हाताने पाणी पीत होता आणि दुसऱ्या हाताने एकच चेंडू, सवयीने, वर टाकून झेलत होता.

"लिहा," ते म्हणाले. "स्पर्धक रस्त्यात नमस्कार करत नव्हता, म्हणून."

प्रसादचे पेन थांबले. "हे... असंच लिहू?"

"असंच. खाली सही मी करतो."