कुणाचीच नसलेली पिशवी

मी सर्व्हर बोलतोय. रुग्णालयाच्या रक्तपेढीला लागून काचेची एक खोली आहे, तिथल्या पेटीत चालणारा. पंख्याची घरघर ऐकू येते ती पेटीची. मी आत असतो, दिसत नाही.

मला इथे आणलं ताईंनी. इथले प्रोग्रॅम त्याच लिहायच्या. एखाद्या रुग्णासाठी रक्ताची पिशवी राखायची म्हणजे दोन नोंदी: साठ्यातून पिशवी कमी करायची आणि तिच्यावर रुग्णाचं नाव चढवायचं. दोन्ही मिळून एक व्यवहार; दोन्ही व्हायला हव्यात, नाहीतर एकही नको. आधी ताई हे प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहायच्या. व्यवहार इथे सुरू, इथे पक्का, चुकलं तर इथून मागे. कुठेतरी काहीतरी राहून जायचंच. शेवटी वैतागून त्यांनी ते सगळं पुसलं आणि कारभार माझ्या हाती दिला. व्यवहार मी उघडायचा, मीच मिटवायचा. आतून चूक झाल्याची हाक आली, तर सगळं होतं तसं परत ठेवायचं. हाक नाही आली, तर पक्कं करायचं. नोंदीत काय लिहिलंय ते मला कळत नाही. मला फक्त हाक कळते.

बरे दिवस होते ते. कधी चूक झाली की पडद्यावर लाल पट्टी यायची, सिस्टर कुरकुरत माहिती पुन्हा भरायच्या आणि काम मार्गी लागायचं.

मग ताईंच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि ताईंनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेल्याला सगळे ‘झटपट’ म्हणायचे. जाताना ताईंनी त्याला बजावलं, “चूक झाली तर मध्येच गिळू नकोस. सर्व्हरपर्यंत जाऊ दे. त्याला कळलं नाही, तर तो सगळं ठीक आहे असं धरून चालतो.”

त्याने मान डोलावली. पण व्यवस्थापकांना लाल पट्ट्या खुपायला लागल्या होत्या. झटपटने कारण शोधायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. तेव्हा त्याने चूक जिथल्या तिथे पकडून गप्प केली. पडदा स्वच्छ झाला, त्याची पाठ थोपटली गेली. मला हाक येणं बंद झालं.

एका दुपारी प्रसूतीच्या खोलीतून दुर्मिळ गटाचं रक्त मागवलं. बाळ सुखरूप होतं, आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा भाऊ धावत खिडकीशी आला. रक्तपेढीतल्या काकांनी फ्रिज उघडला. त्या गटाची एकच पिशवी होती. पडद्यावर ती राखलेली दिसत होती. कुणासाठी, ती जागा रिकामी होती. दुसरी नोंद चुकली होती, हाक आली नव्हती, आणि मी पक्कं केलं होतं.

काकांनी एकेका वॉर्डात फोन लावून विचारलं, पिशवी तुमची का. कुणीच हो म्हणेना. परवानगी देणारे मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेले.

“पिशवी समोर दिसतेय ना, काका?” भाऊ म्हणाला.

“दिसतेय, दादा. पण ती कुणाची तरी आहे. तुला दिली आणि तो माणूस गेला तर?”

शेवटी मोठ्या डॉक्टरांची परवानगी आली. काकांनी पिशवी हातात घेतली आणि प्रसूतीच्या खोलीतून फोन आला: आता रक्त नको. काकांनी ऐकून घेतलं आणि पिशवी परत आत ठेवली. भावाकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

चौकशी झाली. चूक झाल्याची खूण कुठेच सापडली नाही, कारण ती गिळलेली होती. काकांनी ताईंना बोलावून घेतलं. त्यांनी प्रोग्रॅम वाचला, चूक गिळणारी नेमकी ओळ दाखवली. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, सर्व्हर जुना झालाय, नवा येतोच आहे, आता हे उकरून काय मिळणार? झटपट खाली बघत होता. ताई वडिलांच्या औषधाची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

नवा सर्व्हर शेजारच्या पेटीत आलाय. प्रोग्रॅम त्याच्याकडे जसाच्या तसा उतरवला. ती ओळही सोबत गेली. या आठवड्यात मला बंद करतील. त्याला बजावावं असं फार वाटतं, पण आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही. तुम्हाला सांगतोय, तर तुम्ही तरी कुणाला सांगाल?

आत्ताच वरच्या मजल्यावरून कुणासाठी तरी पिशवी राखायला घेतलीय. मी व्यवहार उघडला, थांबलो. आतून काहीच आवाज नाही. मी पक्का केला.